शब्दचर्चा : उत्पत्तीमधील ‘अनुरूप साहाय्यक’ म्हणजे नेमके कोण?

विचारणा (दारव्हा, जि. यवतमाळ)

आमच्या भागातील ख्रिस्ती लग्नांत बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय हमखास वाचला जातो आणि त्यातील अठराव्या वचनावरचे निरूपण बहुधा एकाच वळणाने जाते. मनुष्याने एकटे असणे बरे नव्हते, म्हणून देवाने त्याला ‘अनुरूप साहाय्यक’ दिली. तेव्हा मुलीने नवऱ्याच्या हाताखाली राहून त्याच्या कामाला हातभार लावावा, असा त्याचा शेवट होतो. अलीकडे एका मांडवात हे ऐकल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या बाईंनी हळूच विचारले, “म्हंजे तिथंबी मदतनीसच का मॅडम? मंग सेविका कोन?” हसण्यावारी नेण्याजोगा हा प्रश्न नाही. ‘साहाय्यक’ या शब्दात कनिष्ठपणा मुळातच आहे, की तो आपण आपल्या व्यवहारातून त्यात घातला? आणि पहिल्या अध्यायात ‘नर व नारी’ अशी दोघे एकाच वाक्यात निर्माण होतात, तर दुसऱ्या अध्यायात स्त्री मागाहून येते, याचा मेळ शब्दांच्या आधारे कसा लावावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, मूर्तिजापूर)

ताई, मला हिब्रू येत नाही, त्यामुळे मी मराठीच्या बाजूनेच लिहितो. ‘सहाय’ हा संस्कृत शब्द ‘सह’ आणि ‘जाणे’ या अर्थाचा धातू यांपासून आलेला मानतात. म्हणजे बरोबर चालणारा तो सहाय. त्यापासून भाववाचक ‘साहाय्य’ आणि पुढे ‘साहाय्यक’. (शासकीय पाट्यांवर सर्रास दिसणारे ‘सहाय्यक’ हे रूप ‘सहायक’ आणि ‘साहाय्यक’ यांची खिचडी आहे, पण पाट्या रंगवणाऱ्यांशी भांडून माझी हयात गेली, तेव्हा ते असो.) मूळ शब्दात वरचा-खालचा असा भेद नाही, वाट एकच आहे एवढेच आहे. कनिष्ठपणा आला तो कचेरीतून. विद्युत सहायक, ग्रंथालय सहायक ही पदनामे अशी आहेत की ती उच्चारताच वर कोणीतरी साहेब बसलेला दिसतो. अंगणवाडीत तर हा क्रम अगदी डोळ्यांसमोर आहे. सेविका शिकवते, नोंदवह्या लिहिते आणि बैठकीला जाते. मदतनीस मुलांना घरून आणते, झाडलोट करते, आहार शिजवते, आणि तिचे मानधनही कमी असते. ज्या बाईंनी प्रश्न विचारला त्यांनी ‘साहाय्यक’चा आजचा प्रचलित अर्थच लावला आहे, त्यात त्यांचे काही चुकले नाही. भाषांतरकारांच्या मनात ‘सहाय’ असेलही, पण ऐकणाऱ्याच्या कानात ‘सहायक’ पडतो.

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था, १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्याआधी यवतमाळला असताना जे थोडेफार हिब्रू शिकलो, त्याच्या बळावर लिहितो.

ज्या शब्दांचे भाषांतर ‘अनुरूप साहाय्यक’ असे झाले आहे ते मुळात ‘एझेर केनेग्दो’ असे दोन शब्द आहेत. यांतील ‘एझेर’ जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागात, वीसएक ठिकाणी येतो, आणि स्त्रीविषयीच्या या अध्यायातील दोन जागा सोडल्या तर तो बहुतेक वेळा परमेश्वराकडून मिळणाऱ्या मदतीसाठी वापरलेला आहे. एकशे एकविसाव्या स्तोत्रात भक्त डोंगरांकडे डोळे लावून आपल्याला साहाय्य कोठून येईल असे विचारतो आणि आकाश व पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्याकडून ते येते असे स्वतःच उत्तर देतो, तेथे हाच शब्द आहे. मोशेच्या मुलाचे ‘एलियेझर’ हे नाव आणि शमुवेलाने उभारलेल्या दगडाचे ‘एबन-एजर’ हे नाव, दोन्हींत तो आहे. युद्धात, संकटात, स्वतःचे बळ सरल्यावर जी मदत लागते ती एझेर. पाणी आणून देणाऱ्या गड्याची मदत सांगायला हा शब्द क्वचितच वापरला गेला असता.

तरी येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. आजकाल काही प्रवचनांत उलट टोक गाठले जाते आणि देवही एझेर आहे, म्हणून स्त्रीचे स्थान पुरुषाच्या वर आहे, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद टिकत नाही. एझेर हा शब्द मदत करणाऱ्याची पायरी सांगतच नाही. तो वरच्याकडूनही येऊ शकतो आणि बरोबरीच्याकडूनही. पायरी ठरते ती दुसऱ्या शब्दाने. ‘केनेग्दो’ची फोड ‘त्याच्या समोर असल्यासारखा’ अशी होते. ‘नेगेद’ म्हणजे समोर, डोळ्यांपुढे. मागेही नाही आणि खालीही नाही. हे रूप याच अध्यायातील अठराव्या आणि विसाव्या वचनांतच येते. या दोहोंच्या मध्ये सगळे पशुपक्षी मनुष्यासमोर आणले जातात, तो त्यांना नावे देतो, आणि त्यांच्यात असा कोणी सापडत नाही. नुसता कामाला मदतनीसच हवा असता तर बैल पुरेसा होता. कथेला जे हवे आहे ते बैलात नाही, म्हणून तर ती पुढे जाते.

विचारणा करणाऱ्या ताई

म्हणजे आपल्या शेतीतला भेद लावता येईल का? सालदारही मदत करतो आणि सावडीतला शेतकरीही मदत करतो. सालदाराची मदत विकत घेतलेली असते. सावडीत आज त्याचे बैल माझ्या वावरात, उद्या माझे त्याच्या वावरात. ‘मदत’ हा शब्द दोन्हीकडे एकच, नाते मात्र वेगळे.

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

लावता येईल, आणि ‘केनेग्दो’ हा शब्द सावडीच्या बाजूचा आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (चांदूर बाजार, जि. अमरावती)

‘फासळी’विषयीही कोणी लिहावे. स्त्री फासळीपासून झाली, म्हणजे ती पुरुषाचा एक तुकडा, असे आमच्याकडे सहज बोलले जाते. शिवाय हिब्रूत पुरुषाला ‘ईश’ म्हणतात असे वाचले. तो आपल्या ‘ईश्वर’शी संबंधित आहे काय?

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. संबंध नाही. हिब्रू ‘ईश’ म्हणजे पुरुष आणि ‘ईशा’ म्हणजे स्त्री. संस्कृत ‘ईश’ म्हणजे स्वामी. उच्चाराचा हा योगायोग आहे, पण तो प्रवचनात वापरण्याचा मोह फार जणांना होतो. हिब्रूतही ‘ईश’ आणि ‘ईशा’ हे एका मुळाचे नसून ध्वनीच्या साम्यावर केलेला खेळ आहे, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. मराठी भाषांतरातील ‘नारी’ आणि ‘नर’ ही जोडी मात्र खरोखरच एका मुळाची आहे, म्हणजे येथे भाषांतर मूळापेक्षाही घट्ट बसले आहे.

आता फासळी. मूळ शब्द ‘त्सेला’. तो जुन्या करारात इतरत्र बहुधा ‘बाजू’ या अर्थाने येतो. कराराच्या कोशाच्या, म्हणजे पवित्र पेटीच्या, एका बाजूला दोन कड्या असाव्यात, असे ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, तेथे हा शब्द आहे. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, बाजूसाठी तो आहे, आणि ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकात शिमी नावाचा माणूस शिव्याशाप देत ज्या डोंगराच्या कडेने चालतो त्या कडेसाठीही तोच आहे. ‘फासळी’ हा अर्थ फक्त उत्पत्तीच्या या जागी घेतला जातो. अकराव्या शतकातील यहूदी भाष्यकार राशी यानेही येथे ‘बाजू’ हाच अर्थ दिला आहे, आणि आरंभीचा मनुष्य दोन तोंडांचा होता, देवाने त्याला मधोमध विभागले, असे जुन्या यहूदी परंपरेत सांगितलेले आढळते. त्या वाचनात स्त्री हा तुकडा राहत नाही. दोघेही अर्धेअर्धे होतात.

माझ्या मनात पुष्कळ दिवस एक मराठी शब्द घोळतो आहे, तो ‘कूस’. माणूस कुशीवर वळतो, डोंगराचीही कूस असते. ‘त्सेला’चे शरीर आणि डोंगर हे दोन्ही अर्थ ती एकटी पेलते.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, मूर्तिजापूर)

शब्द सुंदर आहे, पण मला तो येथे नको वाटतो. कूस म्हणजे गर्भाशयही. ‘त्याच्या कुशीतून घेतली’ असे म्हटले की पुरुष तिची आई होऊन बसतो, आणि जे मुळात नाही ते मराठीत शिरते. दुसरे असे की, लगेच पुढच्याच वचनांत पुरुष ‘माझ्या हाडातले हाड’ म्हणतो. तेव्हा फासळी म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. ‘बाजू’ हा साधा शब्द बरा.

त्यापेक्षा ‘मनुष्य’ या शब्दाकडे पाहावे. आपल्याकडे ‘माणूस’ कधी मनुष्यमात्र असतो, कधी केवळ पुरुष. पेरणीच्या, वेचणीच्या दिवसांत मजूर ठरवताना ‘दोन माणसं, चार बाया’ असाच हिशेब होतो. डवऱ्याला माणूस आणि निंदणाला बाई. त्याच गावात कोणी वारले तर ‘माणूस चांगलं होतं’ असे बाईविषयीही म्हणतात. उत्पत्तीतील ‘आदाम’चे असेच आहे काय?

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

तंतोतंत. ‘आदाम’ हा ‘अदामा’ म्हणजे माती या शब्दाशी जोडलेला आहे. मातीतला तो मातीचा. पहिल्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनात तो मनुष्यमात्र आहे, कारण ‘नर व नारी’ अशी दोघे त्यातच मोजली आहेत, आणि पृथ्वीवर सत्ता चालवण्याचा अधिकार पुढील वचनात अनेकवचनी, दोघांना मिळून दिला आहे. दुसऱ्या अध्यायात ‘ईश’ हा खास पुरुषवाचक शब्द स्त्री समोर आल्यावरच, तेविसाव्या वचनात, प्रथम येतो. यावरून अमेरिकन अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी १९७० च्या दशकात असे मांडले की, तोवरचा आदाम हा पुरुष नसून लिंगभेद न झालेला मातीचा जीव आहे. विचार मोहक आहे. पण त्याला एक अडचण आहे, ती लपवू नये. स्त्री आल्यानंतरही कथा पुरुषाला ‘आदाम’च म्हणत राहते: ‘आदाम व त्याची स्त्री’. शब्द दोन्ही अर्थांत सरकतो, अगदी आपल्या ‘माणूस’सारखा, आणि तो एका जागी खिळवता येत नाही.

प्रतिसाद (चांदूर बाजार, जि. अमरावती)

पण मग ‘तो तुझ्यावर स्वामित्व चालवील’ हे वचन? ते तर स्पष्ट आहे. आमच्याकडे बाया नवऱ्याला ‘मालक’ म्हणतात ते काय उगीच?

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

स्पष्ट आहे, पण ते कोठे आहे ते पाहावे. ते तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात, आज्ञा मोडल्यानंतर, वेदनेने लेकरे होतील आणि शेतात काटेकुसळे उगवतील याच यादीत आहे. काटेकुसळे ही देवाची आज्ञा आहे असे मानून कोणी तण राखत नाही. आपण निंदतो, डवरतो, आता तणनाशकही मारतो. प्रसूतीच्या वेदनेवर औषध घेणेही आपल्याला गैर वाटत नाही. त्या यादीतील एवढे एकच कलम नियम म्हणून जपायचे आणि बाकीच्यांशी झगडायचे, यामागे मजकुराचा आधार नाही. यात सोय आहे.

‘मालक’ शब्दाविषयी तर होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात थेट चर्चा आहे. हिब्रूत नवऱ्याला दोन शब्द होते: ‘ईश’, म्हणजे माझा माणूस, आणि ‘बाल’, म्हणजे धनी, मालक. होशेयच्या दुसऱ्या अध्यायात देव आपल्या लोकांना पत्नीच्या रूपकाने सांगतो की, त्या दिवशी तू मला ‘ईशी’ म्हणशील, ‘बाली’ म्हणणार नाहीस. तेथे बाल या दैवताचा संदर्भ आहे हे खरे. तरी दोन शब्दांतील अंतर ऐकणाऱ्याला कळत होते, म्हणूनच ते वचन उभे राहते. एदेन बागेच्या कथेत ‘बाल’ हा शब्द एकदाही येत नाही. शिक्षेच्या वचनातसुद्धा नवरा ‘तुझा ईश’ आहे. आपल्या खेड्यात बाई ‘माझा माणूस’ असेही म्हणते आणि ‘मालक’ असेही म्हणते. उत्पत्तीची कथा यांपैकी पहिला शब्द वापरते.

प्रतिसाद (अचलपूर, जि. अमरावती)

नव्या करारात प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘आदाम आधी घडला, मग हव्वा’ असा क्रम सांगून स्त्रीने शिकवू नये असे म्हटले आहे. त्यामुळे उत्पत्तीचा अर्थ नव्या करारानेच लावून दिला आहे, त्यात आपण शब्दांची ओढाताण करू नये, असे मला वाटते.

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

आपला मुद्दा मी टाळणार नाही. ख्रिस्ती मंडळ्यांमधील खरा मतभेद येथेच आहे. परंतु आधी घडणे म्हणजे वर असणे, हा नियम उत्पत्ती स्वतः पाळत नाही; तसे असते तर आधी घडलेले मासे आणि पाखरे माणसाच्या वर गेली असती. आणि तोच पौल करिंथकरांस लिहिताना क्रमाचा मुद्दा मांडून लगेच म्हणतो की, स्त्री पुरुषापासून झाली तसा पुरुषही स्त्रीच्या द्वारे होतो आणि सर्व काही देवापासून आहे. एक वचन घेऊन दुसरे मिटता येत नाही.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, मूर्तिजापूर)

एक स्थानिक गोष्ट नोंदवतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्या ख्रिस्ती नव्हत्या, तरी त्यांचा आरंभच असा आहे की, ज्या परमेश्वराने सृष्टी उत्पन्न केली त्यानेच स्त्री आणि पुरुष दोघांनाही उत्पन्न केले, मग सगळे दुर्गुण एकट्या स्त्रीच्याच अंगी कसे? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे तर्कशास्त्र हेच आहे. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केडगावला केले, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून निघाले. मूळ भाषा शिकून बाईने हे काम केले, हे अचलपूरच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

विचारणा करणाऱ्या ताई

सर्वांचे आभार. माझ्या भाचीच्या लग्नात वाचनानंतर दोन ओळींचे स्पष्टीकरण छापायचे आहे. ‘तोलामोलाची साहाय्यक’ असे चालेल का?

प्रतिसाद (निवृत्त पाळक, वाशीम)

‘तोलामोलाची’ हा शब्द ‘केनेग्दो’ला आजवर ऐकलेल्या सगळ्या पर्यायांपेक्षा चांगला आहे, समोर उभे राहण्याइतके वजन त्यात आहे. ‘साहाय्यक’ मात्र बदला. ‘एझेर’ हे मुळात करणाऱ्याचे नाव नाही, भाववाचक नाम आहे. ‘मदत करणारी’ असा त्याचा अर्थ नसून ‘मदत’ एवढाच आहे. म्हणून ‘तोलामोलाची साथ’ असे छापावे. त्यात कोणी कोणाला साथ द्यायची हेही उघडे राहते, आणि शिक्षक महोदयांच्या ‘सहाय’मधले बरोबरीने चालणेही येते.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, मूर्तिजापूर)

सहमत. फक्त ‘साथ’ला साथीच्या रोगाचाही अर्थ आहे, हे मांडवातले एखादे वात्रट पोर बोलल्यावाचून राहणार नाही. ते नको असेल तर ‘तोलामोलाची सोबत’ छापावे.