नववीची मुलं प्रयोगाआधीच अनुमान लिहून मोकळी! काय करावं?

खडूफळा (प्रश्न)
कुर्ल्यातल्या अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात पंचावन्न मुलं, प्रयोगशाळेत टेबलं चार. काल प्रयोगवह्या तपासायला घेतल्या, तर अजून न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण, आकडे, अनुमान सगळं लिहून तयार! मोठ्या भावंडांच्या वहीतून उतरवलेलं. मुलं ढ नाहीत. दोघं-तिघं बालवैज्ञानिकच्या परीक्षेला बसतायत. व्याख्या विचारा, स्वल्पविरामासकट येते. पण "हे तुला कशावरून कळलं?" म्हटलं की उत्तर एकच, "पुस्तकात दिलंय बाई."

पोर्शन न बुडवता स्वतः तर्क लावायची सवय कशी लावायची? स्वतःच्या वर्गात करून पाहिलेलं सांगा. "कृतियुक्त अध्ययन" वगैरे नको, ते प्रशिक्षणात चहा-बिस्किटांबरोबर ऐकून झालंय.

निवृत्त_मास्तर
ताई, माझी उभी नोकरी गिरणगावात गेली. तुमच्याकडे टेबलं तरी आहेत. साधा लंबक घ्या. दोरा, लहान-मोठे लोखंडी नट (नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात किलोवर मिळतात) आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एवढंच लागतं.

प्रश्न फळ्यावर लिहा: झोका लवकर पूर्ण व्हायला काय बदलाल? वजन, दोऱ्याची लांबी, की नट किती लांब ओढून सोडता ते? प्रत्येकाने अंदाज आणि कारण आधी वहीत लिहायचं, तेही पेनने. पेन्सिल आली की खोडरबर येतो आणि खोडरबर आला की सगळ्यांचं उत्तर बरोबर येतं.

मग गटांना मोकळं सोडा. बहुतेक जण नट जड घेतात आणि त्याच दमात दोराही आखूड करतात. झोके भरभर पडतात आणि "जड म्हणून भरभर" असं ठोकून देतात. इथे उत्तर सांगायचा मोह आवरा. एवढंच विचारा, "कमाल वजनाची की दोऱ्याची?" माझ्या वर्गात मागच्या बाकावरची एक पोरगी ताडकन म्हणाली, "सर, खून दोघांनी केला आणि फाशी एकालाच?" वर्ग हसला, पण मुद्दा तिने पकडला होता. मग तिनेच दोरा कायम ठेवून नुसते नट बदलायला लावले.

लांबी २५ सेंटिमीटर असेल तर दहा झोके (जाऊन परत आला की एक) साधारण १० सेकंदांत होतात, नट कुठलाही बांधा. १ मीटर केली तर २० सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. हे आकडे आधी फोडू नका. झोका मात्र लहान ठेवा, फार लांबून सोडला तर वेळ किंचित वाढतो. एका गटाचे १९.७ आणि दुसऱ्याचे २०.४ आले तर "चूक कोणाची" यावर त्यांना भांडू द्या. त्यासाठी तासातली दहा मिनिटं राखूनच ठेवा.

हाच लंबक पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांपुढे ठेवला होता. लहान मुलं दोन-तीन गोष्टी एकदम बदलतात, एकेक वेगळी करून पाहणं किशोरवयात येतं, असं त्यांनी १९५५ मध्ये मांडलं. पण म्हणून वयावर भिस्त ठेवू नका. चेन आणि क्लार या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की नीट समजावून दिलं तर तिसरी-चौथीच्या मुलांनाही "एका वेळी एकच बदल" जमतं आणि ती ते नव्या प्रयोगातही वापरतात. त्यामुळे "मुलं आपलं आपण शोधतील" हे मला पटत नाही. आधी गोंधळ होऊ द्या, मग सरळ शिकवा.

पोर्शन_पूर्ण
मास्तर, बोलायला सोपं आहे. याला जोड तास लागतो आणि आमच्याकडे तो निवडणुकीच्या कामाला जातो. मी घटक चाचणीच बदलली. फसलेल्या प्रयोगाचा तयार तक्ता देतो आणि विचारतो, "यावरून हे अनुमान निघतं का? का नाही?" दोन मार्कांसाठी का होईना, पोरं डोकं चालवतात. गाइडमध्ये याचं उत्तर सापडत नाही, हा वरचा फायदा. आणि ताई, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुम्हाला हार्बरने जवळच आहे. शिक्षकांसाठी कार्यशाळा असतात, चौकशी करा.

वरळीकर_कोळी
मी शिक्षक नाही, आठवीतल्या मुलीचा बाप. तिला वर्गात कोणी सांगितलं, पाऊस जोराचा पडला की भरती मोठी येते. मुंबईत तुंबलेलं पाणी बघून तसं वाटणारच. आमची आई म्हणाली, "मग माघातल्या उधाणाला पाऊस कुठून येतो गं?" पोरीने भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेतलं आणि डिसेंबर-जानेवारीची पानं काढली. पावसाचा थेंब नाही, तरी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण आहेच, अष्टमीच्या सुमाराला भांग (लहान भरती) आहे. मग तिचा पुढचा प्रश्न, पाणी तुंबतं कशाने? भरतीत समुद्र चढलेला असतो, त्यामुळे पावसाचं पाणी नाल्यांतून बाहेर पडायला जागा मिळत नाही. म्हणजे दोन्ही एकत्र आले की घोळ, पण एक दुसऱ्याला आणत नाही. प्रयोगशाळा नको, काही नको.

खडूफळा
दादा, उधाणाचं फारच आवडलं. वेळापत्रकाची झेरॉक्स काढून वर्गात वाटते. पोर्शन सर, तो तक्ता टाका ना इथे. मास्तर, शुक्रवारी जोड तास मिळालाय. नटांच्या वजनात फरक किती ठेवू?

निवृत्त_मास्तर
तिपटीचा तरी ठेवा, म्हणजे "फरक कमी होता म्हणून कळलं नाही" ही पळवाट राहत नाही. फक्त लांबी वरच्या गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. मोठ्या नटाचा मध्य खाली जातो, म्हणून प्रत्येक नट बदलला की पट्टी पुन्हा लावायला सांगा.