साडूच्या गावची वाळू: वर्गणी सारखी की फायद्याप्रमाणे?

पांझराकाठचा (ता. साक्री):
मंडळी, समुद्र मी आयुष्यात तीनदा पाहिला, त्यातला दोनदा साडूमुळे. दापोलीकडे त्याचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. तिथली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दर पावसाळ्यात झिजते, सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झालीत. गावात आता चर्चा अशी की दगडी धूपप्रतिबंधक बंधारा नको, बाहेरून वाळू आणून पुळण भरू. लोकवर्गणी मात्र सगळ्या घरांना सारखी! साडूचं घर दुसऱ्या ओळीत, पुढे दोन रिसॉर्ट. तो मला विचारतो, "तुमच्या फडावर खर्च कसा वाटता?"

फड म्हणजे आमच्याकडे नदीवरच्या बंधाऱ्याच्या पाण्यावर एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट. त्या बंधाऱ्याची डागडुजी आणि पाटातला गाळ काढणं, दोन्हीची वर्गणी जमिनीच्या हिशोबानं. पैसे नसतील त्यानं फावडं घेऊन माणूस पाठवायचा. पण भांडणं कमी होतात ती वर्गणीमुळे नाही, जमिनीच्या मांडणीमुळे. बागायताचे चार फड, आणि बहुतेकांचा तुकडा चारही फडांत. पाणी कमी पडलं की एक फड पडीक ठेवायचा, म्हणजे मोठ्या-लहान सगळ्यांचंच थोडं थोडं पडीक राहतं. समुद्राकाठी पहिल्या ओळीतला कायम पहिलाच. तिथे आमचा हिशोब लागू होईल का?

मिऱ्याबंदर:
वर्गणीच्या आधी परवानगी बघा. भरतीच्या पट्ट्यात कोणी आपल्या मनानं ट्रक रिकामे करू शकत नाही, सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना आहे. वाळूचा दाणाही जुळायला हवा. मूळच्यापेक्षा बारीक असली तर लाटा ती लवकर ओढून नेतात. आणि झीज का सुरू झाली ते शोधा. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराचे बांध झाले, किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारी वाळू दक्षिणेला अडकली आणि शहरासमोरची पुळण गेली. तुमच्याकडेही जवळपास असा बांध किंवा धक्का (जेटी) बांधला असेल, तर वर्गणीच्या यादीत पहिलं नाव त्या धक्क्याच्या मालकाचं.

अमळनेरची, सध्या फ्लोरिडात:
दादा, इकडे केंद्राची मदत मिळालेल्या प्रकल्पात पहिल्या भरणीला साधारण ६५ टक्के केंद्र आणि ३५ टक्के स्थानिक असा वाटा असतो. पुढच्या भरण्यांना निम्मं-निम्मं. अट एकच, पण खमकी: पुळण लोकांना खुली हवी, जायला वाट हवी, गाड्या लावायला जागा हवी. खासगी, बंद किनाऱ्याला केंद्राचा पैसा नाही. स्थानिक वाटा बरेच ठिकाणी हॉटेलच्या खोल्यांवरच्या पर्यटक-करातून येतो, काही ठिकाणी समुद्रालगतच्या घरांना जादा आकारणी असते. नेदरलँड्समध्ये तर १९९० ची किनारारेषा टिकवण्याचा खर्च सरकारच करतं, कारण समुद्र आत आला तर बुडणारा मुलूख मोठा. साडूंना एवढंच विचारा: रिसॉर्टवाले पुळणीवर जायची वाट मोकळी ठेवतात का?

देवपूर_धुळे:
साडूच्या पैशाच्या भानगडीत पडू नका, एवढाच सल्ला. लग्नात बोलणं बंद होतं.

पांझराकाठचा:
देवपूरकर, उशीर झाला, पडलोय. साडूला फोन केला. वाट? एका रिसॉर्टनं गेल्या वर्षी तारेचं कुंपण घातलंय, आता लोक मागच्या गल्लीनं वळसा घेतात. म्हणजे त्यांच्या अंगणासमोर वाळू टाकायची गावानं, आणि तिच्यावर पाय ठेवायला गावालाच वळसा. हाई बरोबर शे का?

मी त्याला असं सुचवलंय: पहिल्या ओळीनं समुद्राकडच्या लांबीप्रमाणे फुटावर द्यावं, मागच्यांनी भाड्याच्या खोल्यांवर. मच्छीमारांकडून पैसे नकोत, होड्या ओढायची जागा त्यांना मोकळी मिळावी. कुंपण निघेपर्यंत साडूनं एक रुपया देऊ नये. आणि दरवर्षीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी, कारण वाळू म्हणजे पाटातल्या गाळाचं उलटं: आम्ही दरसाल काढतो, त्यांना दरसाल नाही तरी पुन्हा पुन्हा घालावी लागणार. त्यांची बैठक रविवारी आहे. आमच्या वर्गणीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय. साडू म्हणतो, अक्षर लागत नाही.