मदत हवी आहे: एप्रिल १९४२, हॉपकिन्स नेमके कोणाच्या वतीने बोलले?

क्रिप्स शिष्टाईत (युद्धात भारताचा पाठिंबा मिळवण्यासाठी ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी १९४२ मध्ये दिल्लीत केलेल्या वाटाघाटींत) अमेरिकेचा हात किती, याचा तारीखवार तक्ता करते आहे. एका ठिकाणी गाडी अडली आहे.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी लुई जॉन्सन ३ एप्रिलला दिल्लीत पोहोचले आणि थेट संरक्षण खात्याच्या वादात शिरले. आधीच्या प्रस्तावात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील भारतीय सदस्याच्या वाट्याला संरक्षणातील कँटीन, स्टेशनरी, छपाई, पेट्रोलियम असली किरकोळ कामे होती. (यावर काँग्रेस राजी होईल असे कोणाला वाटले असेल!) जॉन्सन यांनी मांडणी उलटवली: सरसेनापती वेव्हेल यांच्याकडची ठरावीक कामे वगळून बाकीचे खाते भारतीयाकडे. ९ तारखेला लंडनमध्ये चर्चिल यांनी रूझवेल्ट यांचे विश्वासू सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांना याबद्दल विचारले. जॉन्सन या वाटाघाटीत राष्ट्राध्यक्षांच्या वतीने बोलत नाहीत, असे हॉपकिन्स यांनी सांगितले आणि चर्चिल यांनी ते तातडीने दिल्लीला कळवले. १० तारखेला काँग्रेसचा नकार आला. त्यानंतर रूझवेल्ट यांची चर्चिल यांना तार: क्रिप्स यांना थांबवा, आणखी एक प्रयत्न करा.

दोन प्रश्न:

१. हॉपकिन्स यांना वॉशिंग्टनहून तशी सूचना होती, की अमेरिकेचे लष्करप्रमुख मार्शल यांच्यासोबत लंडनमध्ये चाललेली युरोपातील आघाडीची बोलणी बिघडू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच हात झटकले? मला दुसरे जास्त पटते, पण समकालीन कागद हवा. नंतरच्या आठवणी नकोत.

२. चर्चिल यांची तार दिल्लीत किती वाजता पोहोचली? काँग्रेसच्या नकाराआधी की नंतर? छापील संग्रहांत पाठवल्याची आणि मिळाल्याची वेळ वेगवेगळी असते, त्यामुळे कोणती वेळ आणि कुठल्या घड्याळाची, हेही कृपया लिहा.