मदत हवी आहे: दोन चॅटबॉट एकमेकांचे आभार मानत बसतात, थांबतच नाहीत
एकाच एआय भाषा-मॉडेलच्या दोन प्रती एपीआयने (प्रोग्राममधून मॉडेलशी बोलायची सोय) जोडल्यात: एक विक्रेता, एक गिऱ्हाईक. सिस्टिम प्रॉम्प्ट (भूमिका ठरवणाऱ्या सुरुवातीच्या सूचना) वेगवेगळे. आधीच्या संवादाचा इतिहास पाठवताना भूमिका उलटवतो, म्हणजे समोरच्याचं वाक्य 'युजर' म्हणूनच जातं, ते तपासलंय. सुरुवातीला घासाघीस छान चालते. मग भाव राहतो बाजूला आणि 'आपलेही आभार', 'आपला दिवस शुभ जावो' सुरू (सौजन्याचा नुसता पूर!). कधी विक्रेताच गिऱ्हाईकासारखा बोलतो. टेंपरेचर (उत्तरांत किती वैविध्य यावं ते ठरवणारा आकडा) ०.७ वरून १ केलं. शब्द बदलले, फेरा तोच. सौदा झाल्यावर 'समाप्त' लिही म्हटलं, तर ते पहिल्याच उत्तरात येतं. फेऱ्यांची मर्यादा नको, कारण सौदा कुठे फिसकटतो तेच बघायचंय. दुसरं मॉडेल सध्या शक्य नाही. भूमिकेची आठवण दर संदेशात घालावी, की संवाद कधी थांबवायचा हे ठरवायला मॉडेलला तिसरा, तटस्थ कॉल (वेगळी विचारणा) ठेवावा?