प्रतिसाद: पापार्पण म्हणजे फक्त पापाचा दंड नव्हे

मी ज्या मताला हा प्रतिसाद देतोय त्यात म्हटलंय की लेवीयमधलं (बायबलच्या जुन्या करारातलं, अर्पणांच्या नियमांचं पुस्तक) पापार्पण म्हणजे पापाचा दंड, येशूने तो भरला, विषय संपला. मला हे जरा घाईचं वाटतं. लेवीय १२ बघा ना, बाळंतीण बाईलासुद्धा हे अर्पण आणावं लागायचं, मुलगा झाला तर ४० दिवसांनी, मुलगी झाली तर ८० दिवसांनी, आता बाळंत होणं हे काय पाप आहे का? मुळात हा अशुद्धतेचा प्रश्न, आपल्याकडच्या सुवेरासारखा म्हणा (तंतोतंत नाही, पण समजायला बरं). म्हणूनच जेकब मिलग्रोमसारखे लेवीयचे अभ्यासक याला शुद्धीकरणाचं अर्पण म्हणतात. आणि रक्त लावायचे कुठे, तर वेदीच्या शिंगांना (म्हणजे तिच्या कोपऱ्यांवरच्या टोकांना), माणसाला नाही! म्हणजे लोकांच्या पापाने देवाचं घर मळतं आणि ते पुसायचं, अशी ती कल्पना.

आणखी एक, अगदीच गरीब असेल त्याला एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा भाग सपीठ चालायचं (लेवीय ५:११), रक्त नाहीच. नव्या करारातल्या इब्री पत्रात, ९:२२ मध्ये, नियमशास्त्राप्रमाणे "बहुतेक" सगळं रक्ताने शुद्ध होतं असं म्हटलंय, त्यात "बहुतेक" हा शब्द आहे तो बहुधा यामुळेच, आपण वाचताना तो गाळतो. येशूच्या जन्मानंतर त्याची आई मरीयेनेही होले किंवा पारव्याची पिल्लं, म्हणजे गरिबाचंच अर्पण दिलं, लूक २:२४.

मग आज ख्रिस्ती माणसाला काय? इब्री ९:१४ म्हणतं ख्रिस्ताचं रक्त विवेकभाव शुद्ध करतं, कशासाठी तर जिवंत देवाची सेवा करायला. नुसती माफी मिळवून घरी बसायला नाही, असं मी तरी वाचतो.