इन्शुरन्स नसला तरी गरोदरपणातली पहिली तपासणी लांबवू नका
वर कोणीतरी म्हटलंय की इन्शुरन्स नसेल तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांत क्लिनिकला गेलं तरी चालतं, आधी उगाच खर्च कशाला. मला हे अजिबात पटलं नाही. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी पहिल्या महिन्याभरातच बंद होते, म्हणून ती नीट बंद व्हायला मदत करणारं फोलिक अ‍ॅसिड हे व्हिटॅमिन (रोज ४०० मायक्रोग्रॅम) दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायला हवं, आणि ती गोळी काही महाग नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात तपासणीच्या किमान ८ भेटी सांगितल्यात, कारण गर्भारपणातलं बीपी बऱ्याचदा २० आठवड्यांनंतर गुपचूप चढतं, बाईला काही जाणवत नाही, पट्टा बांधून मोजलं तरच कळतं.

कम्युनिटी क्लिनिकमधले गरोदर बायकांसाठीचे क्लासेसही चुकवू नका प्लीज. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, चेहरा अचानक सुजलाय, अंगावरून रक्त जातंय किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं, हे तिथली नर्स नीट समजावून सांगते. नवरा, सासू, जे कोणी घरात असेल त्यांनाही न्या, रात्री धावपळ त्यांनाच करायची असते. आणि पैशाचं पहिल्याच भेटीत काउंटरवर स्पष्ट विचारा, बऱ्याच ठिकाणी उत्पन्न बघून फी कमी करतात पण आपणहून कोणी सांगेलच असं नाही.