बॉयन्सी, बुडी आणि ‘अधर’ : यंत्रमाशासाठी मराठी शब्द

खटाटोप :
आमच्या कॉलेजातल्या मुलांनी माशासारखा पोहणारा रोबो केलाय. हातभर लांब, वजन दोन किलो, शेपटीत मोटर आणि पोटात ६० मिलिलिटरची साधी इंजेक्शनची सिरिंज. सिरिंजचा दट्ट्या मागं सरला की पाणी आत येतं, मासा जड होऊन खाली जातो. दट्ट्या पुढं आला की पाणी बाहेर आणि मासा वर. हा मासा आता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार आणि मराठी फलक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी लिहिलं, ‘उत्प्लावकता नियंत्रण व निमज्जन प्रणाली’. शेजारच्या सातवीतल्या पोरीला वाचायला दिलं, तर ती म्हणते, “मावशी, हा उडी मारतो का?”
मला तीन शब्द हवेत. एक बॉयन्सीला, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं त्याला. दुसरा, रोबो आपणहून खाली जातो त्याला. तिसरा सगळ्यात अवघड : ना वर येतो ना खाली जातो, पाण्यात आहे तिथंच राहतो, त्या स्थितीला.

धातुपाठ :
ताई, पोरगी नकळत बरोबर बोलली. ‘उत्प्लावकते’तल्या ‘प्लु’ धातूचा अर्थ तरंगणं, पोहणं आणि उडी मारणंही. मंडूकप्लुती म्हणजे बेडकाची उडी. ‘उत्’ लागला की सरळ वर उसळी. पुढं आणखी मजा आहे. प्लव म्हणजे तराफा, पण त्याच धातूचं प्रयोजक रूप प्लावन म्हणजे पाण्याखाली घालणं, पूर आणणं. तरणं आणि बुडवणं एकाच घरात नांदतंय!
फलकावर बाणांची आकृती असेल तर तिथं ‘प्लावक बल’ लिहा. वर ढकलणारं बल आहे, त्याला नाव हवंच. ‘उत्प्लावकता’ मात्र इंग्रजी नामाला नामच पाहिजे या हट्टातून आलेली. आपल्याकडं हे काम क्रियापद करतं. ‘मासा किती तरतो’ एवढं म्हटलं तरी काम भागतं.

विहीरवाला :
दुसऱ्या शब्दाबद्दल. ‘रोबो पाण्यात बुडतो’ असं चुकूनही लिहू नका. मराठीत जे बुडतं ते गेलं : होडी बुडते, बँक बुडते, शाळा बुडते. आपल्या मर्जीनं खाली जाणं म्हणजे बुडी. बुडी मारतात, बुडी घेतात. ‘सूर’ काठावरून मारतात, डोकं खाली करून. ‘मुटका’ गुडघे पोटाशी घेऊन, तोही काठावरूनच. तुमचा मासा आधीच पाण्यात आहे, त्यामुळं सूर आणि मुटका बाद. राहिली बुडी.
आम्ही विहिरीत पैसा टाकून काढायचो. छाती भरून घेतली तर कितीही हातपाय मारा, पाणी वर लोटायचं. थोरला भाऊ काठावरून ओरडायचा, “दम सोड रे, दम सोड!” तोंडातून बुडबुडे सोडले की अंग आपोआप खाली जायला लागायचं. तुमची सिरिंज तेच करतेय. टिबुकली हा पाणपक्षीही तसंच करतो. कधी उडी न मारता पिसांतली हवा दाबून काढतो आणि बसल्या जागी पाण्यात उतरतो. ‘उतरणं’ हाही शब्द बघा. मला तर बुडीपेक्षा तोच जास्त आवडला.

खाडीकाठ :
सिरिंजला शब्द शोधू नका, आहे आमच्याकडं. पाठ्यपुस्तकी ‘वाताशय’ कोळणीला सांगितलात तर ती तुमच्याकडं बघत बसेल. पालघरकडं घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला बोत म्हणतात, कुणी भोत म्हणतं. वाळवून परदेशी जाते, मांसापेक्षा तिचाच भाव मोठा. मासा ह्या पिशवीतली हवा कमीजास्त करून आपली खोली राखतो. सगळ्या माशांना नसते पण. मुशीला, म्हणजे शार्कला, नाही. तिचं यकृत तेलानं भरलेलं, त्यानं थोडी हलकी होते, आणि बाकी छातीच्या परांवर तरते, विमानासारखी. पोहायची थांबली की खाली.

खटाटोप :
खाडीकाठ दादा, हे फारच कामाचं! रोबोंमध्येही हेच दोन पंथ आहेत. एक बोतवाला, वजन-आकारमानाचा हिशोब बदलणारा. दुसरा मुशीवाला, पर तिरके करून वेगाच्या जोरावर खालीवर जाणारा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा ‘सोफी’ नावाचा मऊ शेपटीचा मासा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजीच्या रेनबो रीफ या प्रवाळखडकावर तो १५ मीटरपेक्षा खोल, एका वेळी ४० मिनिटांपर्यंत पोहला. त्याला दोन्ही सोयी आहेत : बाजूचे पर, आणि हवा दाबून-सोडून तरणं बदलणारा कप्पा. त्याच्या डोक्यात चक्क बेबी ऑइल भरलंय, कारण खोलीवर हवा चेपते, तेल चेपत नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे १०० मिलिलिटर हवेची मऊ पिशवी ५० ची होते आणि मासा तिथं ५० ग्रॅमनं जड पडतो. जेवढा खाली, तेवढा आणखी जड.
आमचीही फजिती सांगते. कॉलेजच्या हौदात सिरिंज अर्धी भरलेली असताना मासा जागेवर थांबेल असं वजन बसवलं. समुद्रावर नेला तर बुडी घेईचना! खारं पाणी लिटरमागं साधारण २५ ग्रॅम जड. दोन लिटरच्या माशाला ५० ग्रॅम जास्त उचल मिळाली, आणि सिरिंजमध्ये उरली होती फक्त ३० मिलिलिटर जागा. शेवटी एका कोळीकाकांनी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या दिल्या. त्या चिकटपट्टीनं पोटाला लावल्या तेव्हा गेला.

धातुपाठ :
त्या गोळ्यांना, म्हणजे गलबत स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेल्या वजनाला, जुन्या कोशांत ‘नीरम’ असा शब्द सापडतो. वापरा असं म्हणत नाही, फक्त आठवला.

सरळसोट :
एवढा कीस कशाला? बॉयन्सी लिहा. बोया आपण पोर्तुगीजांकडून घेतलाच ना?

विहीरवाला :
घेतला, कारण बोया डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. बॉयन्सी सातवीतल्या पोरीला कुठं दिसणार?

खाडीकाठ :
तिसऱ्या शब्दाचं काय झालं? ‘अधांतरी’ चालेल?

विहीरवाला :
अधांतरी म्हटलं की नोकरी, लग्न, निकाल. लटकलेलं काहीतरी. त्यापेक्षा ‘अधर’. कपाट सरकवताना म्हणतो ना, “जरा अधर धर.” खाली टेकलेलं नाही, पण सांभाळलेलं आहे. टाकीतला मासा नुसते कल्ले हलवत एका जागी असतो, तो अधरच असतो.

सरळसोट :
अधर म्हणजे ओठ.

धातुपाठ :
संस्कृतात ओठ, आणि ‘खालचा’ही. पण कपाट उचलताना कुणाला ओठ आठवत नाहीत. माझं मत अधरला. त्याला पुस्तकी शब्द आहे ‘तटस्थ उत्प्लावकता’, तो ऐकून तर मासा दोन्ही पक्षांपासून लांब राहिलाय असं वाटतं.

खटाटोप :
मग फलक असा :
‘हा मासा बुडी कशी घेतो? पोटातली सिरिंज म्हणजे याची बोत. ती पाणी ओढते तेव्हा मासा जड होऊन खाली उतरतो. पाणी सोडते तेव्हा वर येतो. दोन्हींच्या मधल्या एका खुणेवर तो पाण्यात अधर राहतो. ती खूण शोधून दाखवा.’
सिरिंजवर मार्करनं रेघ मारणार होते, आता नाही मारत. पोरांनाच शोधू दे.

खाडीकाठ :
झकास. फक्त ‘बोत’ जरा लहान अक्षरात लिहा ताई. आमच्याकडचा एखादा व्यापारी भाव विचारायला यायचा.